ओटीपी मी कोणालाच सांगितला नव्हता

‘ओटीपी कोणालाही सांगायचा नाही’ हे मी घरात इतक्यांदा बजावलंय, की मुलगी माझी नक्कल करून दाखवते. आणि खरंच, मी तो कोणालाच सांगितला नाही. कोणाचा फोन आला नाही, कोणी गोड बोलून घोळात घेतलं नाही. मी तो माझ्या हातांनी टाइप केला.

एका पार्सलची वाट बघत होतो, तेवढ्यात मेसेज आला: पत्ता अपुरा आहे, पुन्हा पाठवण्याचं किरकोळ शुल्क भरा. लिंक उघडली. पान नेटकं होतं. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. मग एक गोल चक्र फिरत राहिलं, बराच वेळ, आणि ओटीपीचा चौकोन आला. ओटीपी खरोखर बँकेकडूनच आला होता, नेहमीच्याच नावाने. हीच तर मेख आहे. बँक खरी, ओटीपी खरा, खोटं होतं ते फक्त समोरचं पान.

ते चक्र फिरत होतं तेव्हा पलीकडे कोणीतरी माझं कार्ड एका खऱ्या दुकानाच्या पेमेंट पानावर भरत होतं. ओटीपी मागवला त्यांनी, आला माझ्याकडे, आणि मी तो त्यांच्या चौकोनात नेऊन घातला. लगेच तांबड्या अक्षरांत सूचना आली, ‘कोड चुकीचा आहे, नवा पाठवत आहोत.’ चडफडत दुसराही भरला. पहिल्या कोडने त्यांची खरेदी झाली. दुसऱ्याने माझं कार्ड त्यांच्या फोनच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कार्ड साठवून पैसे भरणाऱ्या अ‍ॅपमध्ये, नोंदलं गेलं, म्हणजे पुढच्या खरेद्यांना माझी गरजच उरली नाही.

रात्री ते दोन्ही मेसेज उघडून बसलो. पहिल्यात रक्कम आणि दुकानाचं नाव. रक्कम त्या किरकोळ शुल्काच्या कितीतरी पट. दुसऱ्यात ‘नवीन उपकरणावर कार्ड जोडण्यासाठी’. सगळं लिहिलेलं होतं. पण कीबोर्डने सहा आकडे उचलून वर मांडले होते, मी त्यावर बोट ठेवलं. मजकूर वाचलाच नाही.

ओटीपी बिनकामाचा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. चोरीला गेलेला पासवर्ड आपण बदलेपर्यंत चालतो, ओटीपी काही मिनिटांत मरतो. नुसता कार्डाचा नंबर फुटला असता तर कदाचित याच सहा आकड्यांनी मला वाचवलं असतं. पण कोड फक्त एवढंच सांगतो, की तो भरणाऱ्याच्या हाती आला आहे. तो कुठल्या पानावर भरला जातोय, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

मग मी ईमेलच्या लॉगिनसाठी एसएमएसने येणारा कोड सोडून फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप घेतलं. क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. ती आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून साधारण दर 30 सेकंदांनी नवा कोड निघतो. ही पद्धत 2011 साली प्रमाणित झाली. नेटवर्क लागत नाही, त्यामुळे कोणी आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून घेतलं तरी हे कोड त्याला मिळत नाहीत. पण माझ्यासारखा माणूस खोट्या पानावर कोड भरणार असेल, तर पलीकडच्याला 30 सेकंदही पुरतात. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये साठणारी आणि फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली, या बाबतीत उजवी: ती ज्या वेबसाइटसाठी बनली तिथेच चालते, पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी पुढे येत नाही. जिथे मिळते तिथे मी आता तीच घेतो.

बँकेत फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘ओटीपी तुम्हीच टाकलात ना?’ हो म्हटल्यावर आवाज थंड झाला. तक्रार अजून चालू आहे. कार्ड बंद करायला सांगाल तेव्हा त्याला जोडलेली सगळी उपकरणं काढली का, हेही विचारा. नवीन कार्ड आल्यावर वॉलेटमधली जुनी नोंद आपोआप त्यावर सरकू शकते. हे मला तिसऱ्या फोनला कळलं.

पार्सल दुसऱ्याच दिवशी आलं. पत्ता पूर्ण होता.