जुन्या एमएक्स-५ ला कमी खर्चात कोणतं इंजिन: १.८, २.५, के२४ की व्ही८?

माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, १९८९ मध्ये आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं इंजिन होतं आणि गाडीचं वजन हजार किलोंच्या आत होतं. त्या पहिल्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे. वळणावर त्या आजही मन जिंकतात, पण इंजिन तेल प्यायला लागलेलं असतं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेलं असतं, चढावर दम लागतो. मग दुसरं इंजिन बसवायचा विचार सुरू होतो, आणि बहुतेक जण आधी बीएचपीचे, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचे, आकडे मांडून बसतात.

खर्च मात्र बीएचपीवर ठरत नाही. इंजिन गाडीला जिथे जिथे जोडलं जातं ते सांधे मोजा: माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार), बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण), सम्प (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी), वायरिंग, कूलिंग, एक्झॉस्ट. यातले जितके सांधे जसेच्या तसे जुळतील तितकं काम स्वस्त. फुकट मिळालेलं इंजिनसुद्धा, सांधे जुळत नसतील तर, सगळ्यात महाग पडू शकतं. खालची सगळी तुलना मी याच मापाने केली आहे.

त्याआधी एक गोष्ट. इंजिन खरंच गेलं आहे का, हे कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती आणि कुठून गळते ते बघणारी) करून बघा. एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर हेडचं काम पुरतं आणि मूळ इंजिन वाचतं. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट ढिला राहिला की पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं आणि गाडी उगाचच मंद वाटते. क्रँकचं टोक असं खराब झालं असेल तर बहुधा इंजिन उतरवावं लागतं. उतरवलंच आहे तर बदलाचा विचार तेव्हाच करणं शहाणपणाचं.

१.६ च्या जागी १.८

सगळ्यात कमी सांधे इथे बदलतात. १९९४ च्या मॉडेलपासून माझदाने याच गाडीत १८३९ सीसीचं बीपी इंजिन दिलं. माउंट तेच, गिअरबॉक्स तोच. फ्लायव्हील आणि क्लच १.८ चेच घ्या: १.६ चा क्लच २०० मिलिमीटरचा, १.८ चा २१५ चा. १.६ चं वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि आत जाणारी हवा मोजणारा झडपेचा एअर फ्लो मीटर ठेवून १.८ चालवणारे बरेच आहेत. गाडी तशी चालते, पण हवा त्या झडपेतून ओढावी लागते, त्यामुळे वरच्या आरपीएमला फायदा थोडा कमी मिळतो.

मिळतं काय? अमेरिकी आकड्यांनुसार १.६ ची ताकद ११६ बीएचपी होती, पहिल्या १.८ ची १२८, १९९६ पासून १३३, आणि दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीला १४०. हे आकडे फार मोठे नाहीत हे मान्य. पण खालच्या आरपीएमची ओढ वाढते आणि शहरात सारखा गिअर उतरवावा लागत नाही. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मला हाच पर्याय सर्वात योग्य वाटतो.

बीपी घ्यायचंच तर २००१ नंतरचं, इनलेट कॅमला (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) बदलतं टायमिंग असलेलं इंजिन शोधा. त्याचं कॉम्प्रेशनचं प्रमाण १०:१ आहे, पहिल्या १.८ चं ९:१. मूळ ईसीयू ते बदलतं टायमिंग हाताळू शकत नाही, म्हणून स्वतंत्र ईसीयू लागतो. हा खर्च वाया जात नाही, कारण पुढे टर्बो लावायचा झाला तर तोच ईसीयू उपयोगी येतो.

दोन गोष्टी बजेटमध्ये आधीच धरा. १.६ च्या गाडीतलं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) लहान आहे, सहा इंची क्राउनचं, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचं. १.८ चं सात इंची घ्या, आणि त्यासोबत त्याचे हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही. दुसरी गोष्ट कूलिंगची. हे इंजिन घराणं मुळात ३२३ सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवं बसायचं. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला गेला, त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे पाणी कमी फिरतं. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर पाण्याची वाट मागच्या बाजूने काढण्याचं काम इंजिन बाहेर असतानाच करून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही.

तिसऱ्या पिढीची गाडी असेल तर २.५

२००५ ते २०१५ ची एमएक्स-५ असणाऱ्यांचं काम खूप सोपं आहे. तिच्यातलं २.० लिटरचं एमझेडआर इंजिन आणि माझदा ६ किंवा फोर्ड फ्यूजनमधलं २.५ ही सख्खी भावंडं आहेत. माउंट, गिअरबॉक्स, वायरिंग, सेन्सर बहुतांशी तुमच्या गाडीचेच राहतात. २.५ चा ब्लॉक उंच असल्यामुळे पुढचं टायमिंग कव्हर मात्र त्याचंच ठेवावं लागतं. सम्पमधला बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणारा) संच काढावा लागतो, नाहीतर एमएक्स-५ चा सम्प बसत नाही. शेवटी ईसीयूचं ट्यूनिंग नव्याने करायचं. ते टाळून गाडी रस्त्यावर आणू नका.

ही इंजिनं साध्या कुटुंबाच्या गाड्यांतून येतात, म्हणून ती भरपूर असतात आणि सहसा सांभाळून चालवलेली असतात. पण एक तोटा स्पष्ट सांगतो. २.० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८३.१ मिलिमीटर, २.५ चा पूर्ण १००. ७००० आरपीएमला पिस्टनची सरासरी गती २.० मध्ये सेकंदाला सुमारे १९.४ मीटर असते, तर २.५ मध्ये २३.३. म्हणजे वरचे हजारभर आरपीएम विसरायचे. २००९ नंतरच्या मॅन्युअल गाड्यांना फोर्ज्ड (घडाई करून बनवलेला, जास्त मजबूत) क्रँक आहे आणि त्या ७५०० पर्यंत फिरतात. ज्यांना तो वरचा आवाज प्रिय आहे त्यांनी २.५ बसवण्याआधी दोनदा विचार करावा. ज्यांना वळणातून बाहेर पडताना ओढ हवी आहे, त्यांनी डोळे मिटून घ्यावं.

पहिल्या दोन पिढ्यांत होंडा के२४

खरी ओढाताण इथे होते, कारण आकडे मोहात पाडतात. २३५४ सीसी, पूर्ण अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, कॅम बेल्टऐवजी चेन, आणि अक्युरा टीएसएक्समधल्या के२४ए२ ची २०० बीएचपी. अकॉर्डमधलं साधं के२४ए४ १६० बीएचपीचं आहे, आणि त्याचा टॉर्कही (ओढीचं माप) २२० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. पहिल्या १.८ बीपीचा त्याच्या तीन चतुर्थांशही भरत नाही. शिवाय होंडाची जुनी बी आणि डी मालिका उलट दिशेने फिरायची. के मालिका सरळ फिरते, म्हणूनच मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सला ती जोडता येते.

आता सांधे मोजा. अ‍ॅडॅप्टर प्लेट, वेगळा सम्प, माउंटसाठी बदललेली सबफ्रेम, नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, स्वतंत्र ईसीयू आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा). एकही सांधा जसाच्या तसा जुळत नाही. तयार किट मिळतं आणि ते चांगलं असतं, पण किटची किंमत जुन्या इंजिनाच्या कितीतरी पट होते. मूळ पाच गिअरचा गिअरबॉक्सही या टॉर्कला फार काळ मनापासून साथ देत नाही.

म्हणून माझं मत असं: २०० बीएचपी हवीच असेल, गाडी दहा वर्षं ठेवणार असाल आणि पैसे टप्प्याटप्प्याने नाही तर एकदम हातात असतील, तर के२४ घ्या. अर्ध्यावर थांबलेलं के२४ चं काम गॅरेजमध्ये धूळ खात पडतं. अर्ध्यावर थांबलेलं १.८ चं काम पुढच्या सुट्टीत पूर्ण होतं. बीपीवर टर्बो हाही याच ताकदीचा रस्ता आहे आणि सांधे कमी आहेत, पण तो निरोगी इंजिनावरच लावायचा, थकलेल्यावर नाही.

व्ही८

जनरल मोटर्सच्या एलएस१ मध्ये कॅम ब्लॉकच्या आत असतो, त्यामुळे हेड अरुंद आहेत आणि ५.७ लिटरचं इंजिन मियाटात चक्क मावतं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याची ताकद ३४५ बीएचपी होती. पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हाफ शाफ्ट, सबफ्रेम, रेडिएटर सगळं बदलतं आणि ब्रेकही पुरे पडत नाहीत. कमी खर्चाच्या यादीत याला जागा नाही.

पर्याय ठरला की तुमच्याकडच्या नोंदणी आणि प्रदूषणाच्या नियमांत तो बसतो का ते इंजिन विकत घेण्याआधी विचारून घ्या. काही ठिकाणी वेगळ्या सीसीचं इंजिन कागदावर आणणं अवघड असतं. आणि सुटं इंजिन घेण्यापेक्षा शक्य असेल तर पूर्ण दाता गाडी (जिचं इंजिन काढून घ्यायचं ती) घ्या, चालू अवस्थेतली. कॉम्प्रेशन गाडीतच तपासता येतं, आणि अल्टरनेटर, सेन्सर, ब्रॅकेट, हार्नेसचे प्लग, छोटे खास बोल्ट सगळे एकत्र हाती येतात. सुट्या इंजिनावर हार्नेस कापून टाकलेला असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते सोडून द्या.