फोर बाय फोरची जाम दांडी घरी सोडवली: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या जीपची फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी दांडी मी गेल्या डिसेंबरात घरीच मोकळी केली. मधे काजूचा हंगाम गेला, जवळजवळ सगळा पावसाळा गेला, चवथही झाली. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर त्यातलं अर्धं चुकलं असतं, कारण जुलैत एक गोष्ट अंगावर आली. ती पुढे सांगतो.

गाडी २००९ सालची, डिझेल. गेअरच्या दांडीशेजारी दुसरी आखूड दांडी: टू हाय (दोनच चाकांना जोर), फोर हाय (चारही चाकांना), न्यूट्रल, फोर लो (चारही चाकांना, कमी वेगात जास्त ताकद). आम्ही राहतो गोव्यात फोंड्याला, पण बागायत सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे. शेवटचे दोनेक किलोमीटर तांबड्या मातीची चढण आणि मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा. मार्च-एप्रिलमध्ये तिथे टू हायवर आरामात जाता येतं. पावसाळ्यात मात्र फोर लो पडल्याशिवाय गाडी वरच्या खळ्यापर्यंत पोचत नाही.

दांडी दोन वर्षं हळूहळू जड होत गेली. आधी एका हाताने जायची, मग दोन हात लागायला लागले. मागच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हाळाच्या अलीकडे उभं राहून मी आणि काकांनी मिळून ओढली तरी ती टू हायमधून हलली नाही. खताच्या गोणी डोक्यावरून वर न्याव्या लागल्या. काकांचं वय सत्तरीपुढचं. त्यांना भिजत गोणी चढवताना बघून फार वाईट वाटलं, आणि हे आता टाळायचं नाही असं ठरवलं.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी गाडीखाली न जाता, नुसती दांडी हलवून सांगितलं की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा बॉक्स, उतरवून उघडावा लागेल. खर्च अठ्ठावीस हजार. मी गाडी परत आणली. दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या कुळ्याहून सुटतात, मोसमभर रोज नदीच्या पात्रातून जातात. त्या गाड्यांचं काम करणारे एक मेस्त्री ओळखीचे होते, त्यांना जाऊन विचारलं. त्यांचं एकच वाक्य: "भाऊ, बॉक्सला हात लावायच्या आधी रॉड सोडून बघा."

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वात मोलाचा सल्ला. दांडी खालच्या एका खिळीवर, म्हणजे पिव्होटवर फिरते. तिथून एक रॉड मागे ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या आर्मला जोडलेला असतो. रॉडच्या टोकाची स्प्लिट पिन काढली की बॉक्स वेगळा आणि दांडी वेगळी. मग कोण जड आहे ते पाच मिनिटांत कळतं. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद. मी आर्मवर रिंग पाना लावून हलवला, तर तो टक, टक, टक करत चारही जागी बसला. आत स्प्रिंगवरची गोळी खाचेत पडते, तिचाच तो आवाज. म्हणजे बॉक्स ठणठणीत होता. आणि वर गाडीत, रॉड सुटलेला असूनही, दांडी तशीच अडलेली. ज्यांची दांडी जाम आहे त्यांनी पैसे मोजायच्या आधी एवढं तरी करून बघाच. काही गाड्यांत दांडी मधल्या रॉडशिवाय थेट बॉक्समध्ये उतरते, तिथे ही तपासणी अशी करता येत नाही.

पिव्होट उघडला तेव्हा कारण हातातच आलं. खिळीभोवतीच्या प्लॅस्टिकच्या बुशाचे, म्हणजे खिळी ज्यात फिरते त्या नळीचे, तुकडे झाले होते. उरलेल्या पोकळीत ग्रीस आणि तांबडी माती एकजीव होऊन चिऱ्यासारखी टणक झाली होती. स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढावी लागली. खिळीवर गंज. माती आत आली कुठून, तर दांडीच्या बुडाशी असलेला रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं आवरण, फाटलेला होता. उन्हाळ्यात त्यातून धूळ जायची, पावसाळ्यात पाणी. रॉकेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, बारीक पॉलिश पेपर फिरवला. खिळी जास्त घासू नका, ती झिजली की नवा बुशही सैल बसतो.

आता बुश. सुटा बुश मिळेना, पूर्ण असेंब्लीच घ्या असं सांगितलं गेलं. मी फोंड्यातल्या लेथवाल्याकडून नायलॉनच्या सळईतून बुश करून घेतला आणि मुद्दाम सांगितलं की अजिबात खेळ, म्हणजे मोकळी फट, ठेवू नको. बसवल्यावर दांडी दोन बोटांनी पडायला लागली. जूनपर्यंत तशीच चालली.

जुलैत तीन-चार दिवस सरींवर सरी आल्या आणि दांडी पुन्हा जड. मला वाटलं गंज आला. उघडलं तर ग्रीस स्वच्छ, खिळी चकचकीत, पण बुशात खिळी फिरेना. नायलॉन पाणी शोषतं आणि फुगतं. बाहेरून लोखंडी नळीत अडकलेलं असल्यामुळे त्याला फुगायला जागा फक्त आतल्या भोकात, म्हणून त्याने खिळीच धरली. कोरड्या प्रदेशात हा बुश वर्षानुवर्षं चालला असता. सत्तरीत, व्हाळातून जाणाऱ्या गाडीत, तो एक पावसाळाही टिकला नाही. लेथवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंत पाण्यातली गाडी आहे, तर ॲसिटल घातलं असतं." ॲसिटलही प्लॅस्टिकच, पण पाणी फारच कमी घेतं. या वेळी किंचित खेळ ठेवला, कागदाच्या जाडीएवढा. गनमेटलचा बुशही चालतो, पण मग ग्रीस निपल हवं आणि नियमाने ग्रीस मारायला हवं.

ग्रीस दोन प्रकारचं वापरलं. लोखंडाला लोखंड घासतं तिथे मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस, रबर आणि प्लॅस्टिकला सिलिकॉन ग्रीस, कारण साध्या ग्रीसने काही रबरं फुगून मऊ पडतात. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून समाधान मानू नका. तो मी आदल्या वर्षी मारला होता. आठवडाभर बरं वाटलं, मग उडून गेला आणि मागे कोरडी खिळी राहिली.

खाली गेलोच होतो म्हणून ट्रान्सफर केसचं तेलही बदललं. आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच निचऱ्याचा सोडा, नाहीतर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. आमच्या गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० गेअर ऑइल आहे. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गेअरबॉक्सचं तेल) लागतं, म्हणून आपलं पुस्तक बघूनच घ्या. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय समजा. व्हाळातून जाणाऱ्यांनी ब्रीदरची, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याची नळी जरूर तपासावी. तापलेला बॉक्स गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, आणि नळी तुंबलेली असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो.

जूनमध्ये वेगळाच प्रसंग झाला. बागायतीतून काका फोर हायवर निघाले आणि तसेच वाळपईच्या डांबरी रस्त्याला लागले. तिथे दांडी टू हायवर येईना. मला फोन केला, "अरे, तुझं काम फुकट गेलं." पण बिघाड काहीच नव्हता. आमच्या गाडीत फोर हायला पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे शाफ्ट एकत्र बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाकं घसरून भरून निघतो, डांबरावर निघत नाही, आणि तो पीळ दांडीवर येऊन बसतो. सांगितलं, "काका, सरळ मागे घ्या चार-पाच मीटर, मग क्लच दाबून ओढा." पटकन आली. पुढचे आणि मागचे टायर कमी-जास्त झिजलेले असले तरी असाच पीळ बसतो. म्हणून दांडी अडली की जोर लावायच्या आधी गाडी थोडी मागे-पुढे करून बघावी. दांडीला पाईप घालून ओढणाऱ्यांच्या बॉक्समधले फोर्क (गेअर सरकवणारे चिमटे) वाकलेले मेस्त्रींनी मला दाखवले आहेत.

आज सप्टेंबरात दांडी एका हाताने, खांदा न हलवता पडते. फोर लो मात्र गाडी पूर्ण उभी करून, क्लच दाबून, गेअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच टाकतो. महिन्यातून एकदा, गरज असो वा नसो, मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर हायवर नेतो. आतले भाग तेलाने ओले राहतात आणि दांडीही हलती राहते. एकूण खर्च दोन्ही बुश, रबरी बूट, ग्रीस आणि तेल धरून अडीच हजाराच्या आत. खटकणारी गोष्ट एकच: बुशात खेळ ठेवल्यामुळे साठच्या वेगाला दांडी बारीक थरथरून आवाज करते. नायलॉनच्या वेळी हा आवाज नव्हता. मला तो चालतो.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, नारळ, सुपारीची कातरं (घड) आणि काका, असं सगळं घेऊन भर पावसात व्हाळ ओलांडला. पाणी चाकाच्या मधल्या हबच्या वर होतं. अलीकडे थांबून दांडी टाकली, ती पहिल्या फटक्यात फोर लोला बसली. काकांनी स्वतः हात लावून बघितला आणि म्हणाले, "आता बरी आहे."

एक काम राहिलंय. ट्रान्सफर केसमधून आर्मचा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलपाशी तेलाचा ओलावा दिसतो, थेंब पडत नाही अजून. आमच्या गाडीत तो सील बाहेरून काढता येतो. दिवाळीनंतर रस्ते सुकले की बदलणार आहे.