वालपराईची जंगल सहल: पैसे वसूल झाले, कंपनीमुळे नव्हे

फेब्रुवारीत मी आणि माझी नणंद, दोघी साठी ओलांडलेल्या, तमिळनाडूच्या अनामलाई डोंगरातल्या वालपराईला चार दिवस जाऊन आलो. 'वन्यजीव अभ्यासकासोबत वर्षावन' अशी जाहिरात होती. कोइमतूरपासून पुढे माणशी ३१,५०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडायची हौस नाही.

तक्रारी आधी उरकते. गट दहाचा म्हणाले, निघालो सोळा. दुर्बिणी 'पुरवल्या जातील' म्हणजे सोळा जणांत दोन, त्यातली एक धूसर. गरम पाणी सात ते आठ, आणि आम्ही सहालाच बाहेर पडायचो.

आता अभ्यासक. तिशीतली तमिळ मुलगी, आम्हा दोघींना अक्का म्हणायची. पहिल्या सकाळी चहाच्या मळ्यात उभं करून तिनं विचारलं, "काय दिसतंय?" सगळे म्हणालो, "हिरवंगार!" ती हसली. चहा बाहेरून आणलेला, त्याच्यावर सावली धरणारा सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, कडेची घाणेरी अमेरिकेची. "इथलं काय ते दाखवा." कोणालाच दाखवता येईना. मग तिनं मळ्यांच्या मध्ये उरलेला जंगलाचा गडद तुकडा दाखवला. बाकीचं इंग्रजांच्या काळात मळ्यांसाठी तुटलं.

चालताना ती सारखी वाकून डांबरावरच्या बिया उचलायची. नणंद म्हणाली, हिला काही हरवलंय का? रस्त्यावर पडलेली बी चाकाखालीच जाणार, म्हणून ती रोपवाटिकेत न्यायची. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेची मंडळी २००० च्या सुमारापासून मळेवाल्यांना सोबत घेऊन इथे हेच करतात: घाणेरी काढायची, पाऊस सुरू झाला की इथल्याच जातींची रोपं लावायची. अशा एका जुन्या लागवडीत शिरलो तर पायाखाली पालापाचोळा मऊ आणि हवा एकदम गार. आमच्या सोसायटीच्या वृक्षारोपणात दरवर्षी त्याच खड्ड्यात गुलमोहर लावतात, ते आठवलं.

तिसऱ्या दिवशी महाधनेश पक्ष्याची (ग्रेट हॉर्नबिल) ढोली. मादी आत स्वतःला लिंपून घेते, फट तेवढी ठेवते, नर बाहेरून भरवतो. लांब बसवून तिनं आम्हाला चाळीस मिनिटं गप्प ठेवलं. मोठ्या लेन्सवाले एक काका "थोडं जवळ" म्हणत कुरकुरले, तिनं मानच हलवली. नर आला तो पंखांच्या आवाजानंच कळला, वाफेचं इंजिन जावं तसा. घशातून एकेक उंबर काढून फटीत देत होता. बारापर्यंत मोजली, मग नणंदेनं दुर्बीण हिसकावली. मोठ्या बिया लांबवर पसरवणारा तोच. तो गेला तर कितीतरी झाडांची पोरं आईच्या पायाशीच राहणार.

सिंहपुच्छ माकडं पुदुतोट्टमला रस्त्याकडेलाच भेटली. ती गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून वर झाडाझाडांमधून पूल टांगलेत. त्यांच्या आवडीच्या झाडाचं मल्याळम नाव वेडिप्लावु, म्हणजे फुटणारा फणस. आमच्या कानाला ते वेडीच ऐकू आलं. फळ तळहातावर मावेल एवढं, काट्यांनी भरलेलं.

एका संध्याकाळी परतताना दूरवर लाल दिवा लुकलुकला आणि तिनं गाडी थांबवली. हत्ती जवळ आहेत, असा त्याचा अर्थ. गावातला माणूस मोबाइलवरून तो पेटवतो. हत्ती दिसले नाहीत, अर्धा तास अंधारात बसलो. गटातल्या दोघांनी कंपनीला ते 'वाया गेलेला वेळ' म्हणून कळवलं. मला तर सगळ्या सहलीत तोच अर्धा तास नीट आठवतो.

मुलीला पाचपैकी पाच, कंपनीला दोन. ती त्या कंपनीत कायम नाही, प्रत्येक सहलीला माणूस बदलतो, तेव्हा पैसे भरण्याआधी सोबत कोण येणार ते विचारा. आणि आळियारपासून वर चाळीस हेअरपिन वळणं आहेत. आवळासुपारी जवळ ठेवा, पुढची सीट भांडून घ्या. मी घेतली, नणंदेनं नाही.