अल्टरनेटर बंद पडला तर किती मिनिटं? विमानातल्या लिथियम बॅटरीचा वर्षभराचा अनुभव

स्वतः बांधलेल्या माझ्या दोन आसनी विमानातली सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी काढून मी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बसवली, त्याला आता वर्ष होत आलं. पॅनेलवरच्या डिजिटल स्क्रीनसाठी वेगळी छोटी बॅकअप बॅटरी आहे. याच काळात घरातल्या पॉवर बँका, राउटरचा मिनी यूपीएस आणि कॉम्प्युटरचा यूपीएसही मी त्याच पद्धतीने तपासत गेले. बॅटरीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा वजन किती वाचलं आणि इंजिन किती झटकन सुरू झालं, एवढ्यावर संपतं. मला हवं होतं दुसरंच उत्तर: चार्जिंग थांबल्यावर ही बॅटरी माझा खरा लोड किती मिनिटं ओढेल?

मॅग्नेटोवर चालणाऱ्या इंजिनाला या प्रश्नाची एवढी धास्ती नसते. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो. सगळी वीज गेली तरी प्रोपेलर फिरत राहतो. माझ्या इंजिनाला मात्र दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक आणि इंधनासाठी इलेक्ट्रिक पंप आहे. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, गेला की त्या क्षणापासून इंजिन बॅटरीवर चालतं. म्हणून आधी क्लॅम्प मीटर घेऊन प्रत्येक वायरचा करंट मोजला. पंप ४ अँपिअर, दोन इग्निशन मिळून अडीचच्या आत, स्क्रीन दीड, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) पाऊण, रेडिओ ऐकताना अर्ध्याच्या आत आणि बोलताना दोन-अडीच. बेरीज नऊच्या थोडी वर. एक इग्निशन बंद केलं तर आठ. निदान एक तास मिळायलाच हवा, तोही बॅटरी जुनी झाल्यावर, हे मी स्वतःपुरतं ठरवलं.

आता लेबलवरच्या आकड्याकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. लेड-ॲसिड बॅटरीवर १७ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) लिहिलेलं असतं ते साधारणपणे २० तासांच्या हिशोबाने, म्हणजे एक अँपिअरपेक्षाही कमी करंट काढला तर. नऊ अँपिअर काढले की तीच बॅटरी खूप कमी देते. हा नियम प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच मांडला आहे. त्यामुळे १७ भागिले ९, म्हणजे जवळपास दोन तास, हा हिशोब कागदावरच राहतो. लिथियमच्या बाबतीत घोटाळा वेगळा. लिथियम जास्त करंटलाही जवळपास पूर्ण क्षमता देते, हा तिचा मोठा गुण. पण इंजिन सुरू करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक लिथियम बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात जो एएच आकडा असतो तो 'लेड-ॲसिडच्या तुलनेत एवढी' अशा अर्थाचा असतो. इंजिनाला झटका देण्याची ताकद तेवढी, असं त्यांना म्हणायचं असतं. आतली खरी क्षमता त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास भरते. ती डेटाशीटमध्ये बारीक अक्षरात सापडते, कधी फक्त वॉट-अवरमध्ये. वॉट-अवरला १२.८ ने भागा आणि मगच खरेदीचा विचार करा. माझी खरी १२ एएचची आहे. नऊ अँपिअरला सव्वा तासाच्या वर, आणि क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी तासाच्या आसपास. हिशोब बसला म्हणून ती घेतली.

पण हिशोबावर विसंबून उडायचं नाही, म्हणून लोड टेस्ट. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब समांतर जोडले की साधारण नऊ अँपिअर होतात, म्हणजे नेमका माझा लोड. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, बल्ब लावायचे, व्होल्टमीटर आणि घड्याळ समोर ठेवून बसायचं. लेड-ॲसिड ११ व्होल्टला थांबवायची आणि लगेच चार्जला लावायची, कारण रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. बल्ब प्रचंड तापतात. ते विटेवर किंवा धातूच्या पत्र्यावर ठेवावेत आणि जवळून हलू नये.

काढून टाकलेली जुनी बॅटरी मी याच पद्धतीने तपासली. काढेपर्यंत ती इंजिन पहिल्या झटक्यात सुरू करत होती. बल्बवर मात्र अर्ध्या तासाच्या थोडं पुढे जाऊन तिने मान टाकली. मला या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच वाटते. स्टार्टर २०० अँपिअर ओढत असेल, पण फक्त तीन सेकंद. म्हणजे एका स्टार्टला खर्च होतात ०.१७ एएच. त्यावरून बॅटरीत आणखी १२ एएच आहेत की पाच, हे कळायला काहीच मार्ग नाही. 'स्टार्ट छान होतंय, म्हणजे बॅटरी छान आहे' या समजुतीवर किती जण उडत असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

वजन सातवरून दोन किलोवर आलं. हे सुख आहे, पण माझी बॅटरी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, पुढे असल्याने नाक हलकं झालं आणि गुरुत्वमध्य मागे सरकला. दोन माणसं, मागे सामान आणि टाकी जवळपास रिकामी, या सगळ्यात वाईट अवस्थेचा हिशोब पुन्हा करून मगच उडा.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ कोणी लक्ष वेधत नाही ती: कमी व्होल्टेजचा दिवा. लेड-ॲसिडच्या काळापासून तो १३ व्होल्टला लावायची पद्धत आहे, आणि ती बरोबरच होती. अल्टरनेटर चालू असताना बसवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर, १४ च्या आसपास व्होल्टेज असतं. तो गेला की लेड-ॲसिड लगेच १२.५ पर्यंत खाली येते आणि दिवा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचं लोड नसतानाचं व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असतं आणि लोडखालीही ती १३ च्या जवळ बराच वेळ टिकून राहते. म्हणजे जुन्या सेटिंगवर अल्टरनेटर मेल्यानंतर पहिली कितीतरी मिनिटं दिवा लागणारच नाही, आणि नेमकी तीच मिनिटं लोड कमी करण्याच्या कामाची. माझा रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा भाग) १४.२ ला आहे, म्हणून दिवा मी १३.६ ला नेला. जमिनीवर मंद गतीने टॅक्सी करताना तो कधी कधी लुकलुकतो, त्याचा त्रास नाही. जमिनीवर अल्टरनेटरचं फील्ड (ज्या चुंबकीय कॉइलमुळे तो वीज तयार करतो ती) मुद्दाम बंद करून बघितलं तेव्हा दिवा काही सेकंदांत पेटला, तेव्हाच मला ही बॅटरी खऱ्या अर्थाने विमानात बसवल्यासारखं वाटलं.

शेवटाकडेही फरक आहे. लेड-ॲसिड हळूहळू उतरत जाते. रेडिओ कुरकुरतो, दिवे मंद होतात, इशारा मिळतो. लिथियमचं व्होल्टेज सपाट राहतं आणि शेवटच्या काही मिनिटांत कोसळतं, मग आतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट, तिला तोडून टाकतं. त्यामुळे व्होल्टमीटर बघून 'अजून बरंच शिल्लक आहे' असं म्हणता येत नाही. दिवा लागला की घड्याळ सुरू करायचं आणि त्यावरच निर्णय घ्यायचा. माझ्या चेकलिस्टमध्ये ही ओळ पहिली आहे.

चार्जिंगची बाजू. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यावर ती अल्टरनेटरकडून भसाभस करंट घेते. मोठ्या अल्टरनेटरला फरक पडत नाही; छोट्या, इंजिनात अंगभूत असलेल्या जनरेटरला आणि त्याच्या रेग्युलेटरला मात्र ते जड जाऊ शकतं, तेव्हा बॅटरी निर्मात्याने किमान-कमाल किती अँपिअरचा अल्टरनेटर सांगितला आहे ते पाहावं. आणि ओव्हरव्होल्टेज संरक्षण हवंच. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढू लागलं की बीएमएस स्वतःला वाचवायला चार्जिंग तोडतं. त्या क्षणी बसवरचा चढउतार शोषून घेणारी बॅटरीच बाजूला होते आणि अल्टरनेटरचं बेलगाम व्होल्टेज थेट रेडिओ-स्क्रीनवर जातं. १६ व्होल्टच्या आसपास फील्ड तोडणारं मॉड्यूल नसेल तर लिथियम बसवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

थंडीत पहिला स्टार्ट सुस्त वाटतो. काही सेकंद लँडिंग लाइट लावून ठेवला किंवा स्टार्टरचा एक झटका देऊन थोडं थांबलं की सेल आतून गरम होतात आणि दुसरा झटका जोरदार येतो. शून्य अंशाखाली चार्जिंग मात्र टाळावं, त्यात धातुरूप लिथियम इलेक्ट्रोडवर साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. उन्हाळ्यात चिंता उलटी: इंजिन बंद केल्यावर काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत उष्णता कोंडते. मी बॅटरीच्या खोक्याला हवेची नळी दिली आहे आणि तापमान दाखवणारी पट्टी चिकटवली आहे.

'लिथियम म्हणजे आग' हा प्रश्न मला सतत विचारला जातो. तो रास्त आहे. जानेवारी २०१३ मध्ये बोईंग ७८७ च्या बॅटऱ्यांनी बोस्टन विमानतळावर पेट घेतला, जपानमध्ये आणीबाणीचं लँडिंग घडवलं आणि जगभरची ती विमानं जमिनीवर आली. त्या बॅटऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या. आयर्न फॉस्फेट हा वेगळा पदार्थ. १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो इलेक्ट्रोड म्हणून पुढे आणला. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो आणि तापल्यावर सहजी सुटत नाही, म्हणून ही रसायनं तुलनेने शांत. अशक्य मात्र काहीच नाही, म्हणून खोक्याला बाहेर जाणारी व्हेंट नळी हवी, आणि बीएमएस नसलेली स्वस्त बॅटरी विमानात नको.

वायरिंगमध्ये एका बदलाने खूप मिळालं. मास्टर कॉन्टॅक्टरची, म्हणजे बॅटरी मेन बसला जोडणाऱ्या मुख्य रिलेची, कॉइल नुसती ती जोडणी टिकवण्यासाठी पाऊण-एक अँपिअर खाते. अल्टरनेटर गेल्यावर ही चैन कशाला? गरजेच्या गोष्टी वेगळ्या एन्ड्युरन्स बसवर घेतल्या. रोज ती मेन बसमधून डायोडमार्गे (तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो) चालते. वेळ आली की एक स्विच टाकून तिला थेट बॅटरीवरून वीज द्यायची आणि मास्टर बंद करायचा. स्क्रीनच्या छोट्या बॅकअपचा उपयोग मला आणीबाणीपेक्षा रोजच जास्त झाला: स्टार्टर फिरताना व्होल्टेज नऊपर्यंत खाली जातं, पूर्वी स्क्रीन रीबूट व्हायची आणि ऑइल प्रेशर बघायच्या नेमक्या वेळी काळी असायची. आता ती जिवंत राहते. मात्र तिचीही क्षमता घटत असतेच. ठरावीक काळाने मास्टर बंद करून स्क्रीन विझेपर्यंतचा वेळ मी लिहून ठेवते.

घरातल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पॉवर बँकेवरचे २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ७४ वॉट-अवर. ५ व्होल्टला रूपांतर आणि वाटेतला तोटा धरून १२-१३ हजार हातात येतात. ही फसवणूक नव्हे, पण माहीत असावं. प्रवासी विमानात परवानगीशिवाय चालणारी मर्यादा १०० वॉट-अवरची आहे आणि ती केबिनमध्येच न्यायची असते. छोट्या लोडला, उदाहरणार्थ एखाद्या सेन्सरला, बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी म्हणून स्वतःहून बंद होतात. राउटरच्या मिनी यूपीएसची परीक्षा एकच: चालू व्हिडिओ कॉलमध्ये प्लग ओढायचा. वीज बदलताना क्षणभर खंड पडला तर राउटर रीबूट होतो आणि मग त्या यूपीएसचा अर्थच उरत नाही. माझ्याकडचा एक त्यात नापास झाला, दुसरा उत्तम निघाला.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी तासाभरात रिकामी होईल अशा वेगाने वापरली तर लेबलच्या साठ टक्क्यांच्या आसपासच देते, आणि उष्णतेत लवकर मरते. तापमानात दर आठ-दहा अंशांची वाढ आयुष्य निम्म्यावर आणते. बंद कपाटातला यूपीएस बाहेर काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. विमानात जवळ ठेवायच्या हँडहेल्ड रेडिओला मी कमी सेल्फ-डिस्चार्जवाले निकेल सेल लावते आणि सोबत अल्कलाइनचा राखीव ट्रे, पण अल्कलाइन रेडिओत घालून ठेवत नाही. गळाले तर संपर्कपट्ट्या खातात.

मॅग्नेटोचं इंजिन आणि साधं पॅनेल असेल तर चांगली लेड-ॲसिड ठेवा आणि दर वर्षी लोड टेस्ट करा. पाच किलोंसाठी एवढा खटाटोप करण्याची गरज मला दिसत नाही. माझी लिथियम सध्या नव्याच्या जवळपास क्षमता देते आहे, ८० टक्क्यांखाली गेली की विमानातून उतरेल. मला अजून खटकतं ते एवढंच की तासाभरानंतर इंजिनाला दुसरा आधार नाही. व्हॅक्यूम पंपाच्या जागी बसणारा छोटा पर्मनंट मॅग्नेट अल्टरनेटर आठ अँपिअर देतो. एक इग्निशन बंद ठेवलं तर माझा लोड तेवढाच आहे. ती जागा माझ्या इंजिनावर रिकामी आहे, आणि पुढच्या देखभालीत तो बसवून त्याचे आकडे मोजणार आहे.