नोंग्रियाट आणि रेनबो फॉल्स: फक्त महिलांच्या ट्रिपबद्दल

पुण्याच्या एका आयोजकाची ही ट्रिप. गुवाहाटीला जमायचं, गाडीने शिलाँगमार्गे सोहरा म्हणजे चेरापुंजी गाठायचं आणि टिरना गावापासून पुढे सॅक पाठीवर टाकून पायी नोंग्रियाट या मेघालयातल्या दरीतल्या गावी उतरायचं. ट्रिप नक्की घेण्यासारखी आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे नोंग्रियाटमध्ये ठेवलेले दोन मुक्काम. एकाच मुक्कामाच्या ट्रिपमध्ये पहिल्या दिवशी साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या उतरायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी रेनबो फॉल्सला जाऊन यायचं आणि लगेच त्याच पायऱ्या चढायच्या. स्वस्तात मिळाली तरी अशी ट्रिप घेऊ नका.

उतरताना दम लागत नाही म्हणून भराभर उतरलं जातं आणि तिथेच फसायला होतं. प्रत्येक पायरीला शरीराचा भार मांडीचे स्नायू आवरून धरतात. ते दुखणं दुसऱ्या दिवशी, नेमकं धबधब्याच्या वाटेवर, जागं होतं. इथल्या लीडरताईंनी टिरनालाच प्रत्येकीला बांबूची काठी घ्यायला लावली आणि सगळ्यात सावकाश चालणारीला पुढे ठेवलं. हे फार कमी लीडर करतात. वाटेतल्या तारेच्या झुलत्या पुलांआधी त्या सॅकचे लोंबणारे पट्टे आत खोचायला लावतात, कारण पट्टा तारेत अडकला की तोल जातो आणि सोडवायला हात मोकळा नसतो.

रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचा दुमजली पूल गावातच आहे. तिथून रेनबो फॉल्सला जायला दीड ते दोन तास लागतात. ही वाट पायऱ्यांपेक्षा अवघड: ओले दगड, शेवाळ, मुळं. बुटाचा तळ झिजलेला असेल तर जाऊच नये. इंद्रधनुष्य दिसायला ऊन पाठीमागे आणि तुषार समोर हवेत. दरीत ऊन उशिरा उतरतं, त्यामुळे पहाटे पळत जाण्यात काही हशील नाही. दोन मुक्कामांमुळे तिथे निवांत थांबता येतं. गाईड नोंग्रियाटचाच असल्यामुळे कुठल्या डोहात उतरायचं आणि कुठे नाही, हे तो ठामपणे सांगतो.

आता उणिवा. डिसेंबरच्या बॅचला टिरनाला पोचायलाच दुपारचे अडीच वाजले. तिकडे तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटच्या पायऱ्या टॉर्चच्या उजेडात उतराव्या लागल्या. हे धोक्याचं आहे आणि सहज टाळता येण्यासारखं होतं: सोहरामधून सकाळीच निघायला हवं. सामानाच्या यादीत ५० लिटरची सॅक सांगितली होती. ३०–३५ लिटरची पुरते, वजन सहा-सात किलोच्या वर नको. पाळीच्या सामानाबद्दल यादीत अवाक्षर नाही, महिलांच्या ट्रिपला हे शोभत नाही. वापरलेले पॅड गावात टाकायची सोय धरू नका. घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या न्या आणि कचरा वर परत आणा.

होमस्टे साधे, पण स्वच्छ. भात, डाळ, अंडी, मॅगी एवढंच मिळतं, तेही गरम. गावात एटीएम नाही, रोख पैसे सोहरामधूनच घ्या. रविवारी तिकडची बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा औषधं आणि टॉर्चचे सेल शनिवारीच उरका.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर निघायच्या महिनाभर आधीपासून जिने उतरायचा सराव करा. नुसतं चालणं इथे पुरत नाही.