‘वन्स फायर्ड’ ब्रास घेताना मी कसा फसलो

तीन महिने मी सगळा दोष रायफलीच्या नळीला दिला. नळी साडेदहा इंची, म्हणजे आखूडच. इथे अमेरिकेत सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ठेवायची तर १९३४ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. मी केली तेव्हा वर २०० डॉलर करही भरला होता. एवढा खटाटोप करून घेतलेली सेमी-ऑटोमॅटिक शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्यांचा साडेतीन-चार इंचांचा पसारा मांडायला लागली, की माणूस आणखी कुणावर चिडणार?

काडतुसं मी घरीच भरतो. (भारतात हे परवान्याशिवाय केलंत तर शस्त्र कायद्याखाली थेट गुन्हा, टेक्सासात गॅरेजमधल्या बाकावर चालतं.) गोळी, बंदुकीची दारू आणि ती पेटवणारी बुडातली टोपी, म्हणजे प्रायमर, दर वेळी नवे लागतात. पितळेची पुंगळी तेवढी परत वापरता येते. तिलाच इथे सगळे ब्रास म्हणतात, आणि फसवणुकीला जागा आहे ती तिथेच. बाकीचा माल सीलबंद डब्यात येतो. ब्रास येतं पिशवीत.

विकणारा एका गन शोमध्ये भेटला. टेबलावर स्वच्छ चादर, काचेच्या बरण्यांत चकाकणाऱ्या पुंगळ्या, बोलणं शांत. मिसुरीतल्या लेक सिटी या लष्करी कारखान्याचा माल, एकदाच झाडलेला, सगळा एकाच वर्षाचा आणि ‘फुल्ली प्रोसेस्ड’ : धुऊन, मापात आणून, कापून, घासून तयार, तुम्ही फक्त भरायचं. हजार नगांचे १८० डॉलर. माझा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. घरून कुरिअर करतो म्हणाला, आणि पैसे मागितले झेलवर, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायच्या सेवेवर. मी तिथल्या तिथे पाठवले. झेलवरून गेलेला पैसा म्हणजे हातात दिलेली रोकड, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पिशवी आली. वरच्या पाच-पन्नास पुंगळ्यांच्या बुडाशी ‘एलसी’ आणि ‘१८’ कोरलेलं पाहिलं आणि समाधान मानलं. आंब्याची पेटी घेताना आपण खालचा थर उचकून बघतो. इथे ते सुचलं नाही. खाली ‘१२’ पासून ‘२०’ पर्यंत सगळी वर्षं होती, आणि भलत्याच कंपन्यांचेही शंभरेक नग निघाले. पण हे मी खूप नंतर मोजलं.

मग सुरू झाला माझा अभ्यास. दारू बदलली. गोळी किती खोल बसवायची त्यात फरक करून पाहिला, पण मॅगझिनमध्ये मावायचं तर २.२६ इंचांच्या पुढे काडतुसाची लांबी नेता येत नाही, त्यामुळे तिथे फार वाव नव्हता. ७७ ग्रेन वजनाची मॅच, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची, गोळी आणली. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग एका फैरीपासून दुसरीपर्यंत सेकंदाला शंभर-शंभर फुटांनी उड्या मारत होता. मी स्वतःला समजावलं, आखूड नळीत दारू पूर्ण जळत नाही, असंच व्हायचं. हे अर्धसत्य आहे. आखूड नळीत वेग कमी होतो, सोळा इंचीच्या मानाने दोनशे-अडीचशे फूट सहज. जाळही मोठा दिसतो. पण वेग कमी असणं वेगळं आणि वेगाचा नेम नसणं वेगळं. आखूड नळी उलट ताठ असते, कागदावरच्या पसाऱ्याचं खापर तिच्या माथी मारता येत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण फुशारकीने घेतलेल्या ब्रासवर संशय घ्यायला मन तयार नव्हतं.

एका शनिवारी ट्रिगर मेला. दाबतोय, काही होत नाही. रेंजवर शेजारच्या बाकावर एक निवृत्त मशिनिस्ट बसतो, सत्तरीचा. त्याने मॅगझिन काढायला लावलं, चेंबर रिकामं आहे हे दोनदा पाहिलं आणि रायफल मधून उघडली. ट्रिगरच्या खाली मसुराच्या दाण्याएवढी एक पितळी वाटी अडकली होती. प्रायमर. पुंगळीच्या बुडातून सैल होऊन गळून पडलेला.

“हे ब्रास कितव्यांदा भरतोयस?”

“माझ्याकडे दुसऱ्यांदाच.”

तो काही बोलला नाही. त्याने एक पेपर क्लिप सरळ केली, टोक काटकोनात वाकवलं आणि पुंगळीच्या आत घालून भिंतीवरून बुडापर्यंत ओढली. मग क्लिप माझ्या हातात दिली. बुडाच्या जरा वर टोक एका खाचेत अडकत होतं. मी पुढच्या पाच पाहिल्या, तिघींत खाच. घरी येऊन एक पुंगळी करवतीने उभी चिरली. नेमक्या त्याच जागी आतून भिंत खंगलेली, जेमतेम कागदाएवढी. वारंवार झाडून आणि वारंवार डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणायच्या साच्यात, दाबून पितळ ताणलं जातं ते तिथेच. पुढच्या एखाद्या फैरीला ती तिथून दोन तुकडे झाली असती. माझ्या रायफलीच्या २२३ काडतुसाचा दाब चौरस इंचाला ५५ हजार पौंडांपर्यंत जातो, आणि रायफलीला गाल टेकवून बसलेला असतो मी.

नंतर म्हाताऱ्याने आपल्या डब्यातली पाच कारखान्याची मॅच काडतुसं दिली. तीच नळी, तोच बाक. ग्रुप, म्हणजे पाच गोळ्यांचा पसारा, सव्वा इंच. असल्या काडतुसांचं वीस डॉलरचं एक खोकं मी पहिल्याच आठवड्यात आणलं असतं तर तीन महिन्यांची दारू वाचली असती.

आता खरी मेख सांगतो. लष्करी काडतुसात प्रायमर हलू नये म्हणून त्याच्या कडेभोवतीचं पितळ दाबून घट्ट केलेलं असतं. तो क्रिंप. नवा प्रायमर बसवायचा तर ही कड काढावीच लागते. म्हणजे ज्या पुंगळीचा क्रिंप शाबूत आहे, ती एकदाच झाडलेली. याहून चांगला दाखला नाही. ‘प्रोसेस्ड’ मालात नेमका हाच दाखला खरवडलेला असतो, आणि त्या खरवडण्याचे आपण वर जास्त पैसे देतो. प्रामाणिकपणे हे काम करणारेही आहेत, पण पिशवीकडे बघून दोघांतला फरक कळत नाही. मी आता मळकं ब्रासच घेतो, जुना झाडलेला प्रायमर आत असलेलं, आणि क्रेडिट कार्डावर. कड मी स्वतः काढतो. हात दुखतात, पण एका संध्याकाळी दोनशे होतात.

विकणाऱ्याला चिरलेल्या पुंगळीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: “तुमची डाय नीट लावलेली नसेल.” दुसऱ्या मेसेजनंतर मी ब्लॉक. बँकेत फोन केला. पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणाले, आणि ते खरंच होतं.

उरलेलं ब्रास तसंच भंगारात दिलं असतं तर धुऊनपुसून पुन्हा कुणाच्या तरी पिशवीत गेलं असतं. म्हणून दोन रात्री बसून पक्कडीने एकेकीचं तोंड चेपलं. बायको म्हणाली, “अरे, एवढ्या वेळात चकल्या झाल्या असत्या.” भंगारवाल्याच्या काट्यावर साडेदहा पौंड भरलं. एकवीस डॉलर मिळाले, रोख.