कोथरूडमधली मनपाची शाळा : दोन वर्षं मुलगी जातेय, तर सांगते

लिफ्टमध्ये, दूध आणायला गेल्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच प्रश्न येतो, मुलगी खरंच मनपाच्या शाळेत जाते का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. हो, आमची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते. नाही, आमच्यावर काही संकट वगैरे आलेलं नाही. जून 2023 ला दुसरीत घातली, आता चौथीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथल्या बायांना त्याचा त्रास व्हायला नको, पण कोथरूडमध्येच आहे, पौड रोडच्या आतल्या बाजूला, एकीकडे वस्ती आणि दुसरीकडे आमच्या सोसायट्या, बरोब्बर मधे.

आधी ती एका इंग्लिश मीडियमला होती. वर्षाला 1 लाख 10 हजार फी, बसचे वेगळे, आणि सकाळी सव्वासहाला झोपेतून उठवून गाडीत कोंबायची. तेव्हा आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आम्ही भाड्याच्या घरात. सासऱ्यांनी 1986 साली घेतलेला तीन मजली बिल्डिंगमधला फ्लॅट, त्या जागी आता अकरा मजले उभे आहेत. आमच्या गल्लीत अशा चार बिल्डिंगी पडल्या. भाड्याच्या घरातून शाळेत जाताना मी रोज या मनपाच्या शाळेवरून जायचे, आणि खरं सांगते, वीस वर्षं या भागात राहून एकदाही आत डोकावलं नव्हतं. आत काय चालतं हे माहीत नव्हतं पण मत मात्र तयार होतं.

मग एकदा गेले. आधी सांगून वगैरे नाही, सरळ साडेदहाला जाऊन मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, वर्ग बघू का? त्या म्हणाल्या, बसा ना मागे. दुसरीचा वर्ग होता, वजाबाकी चालली होती, 43 वजा 17. बाईंनी मुलांच्या हातात काड्यांचे गठ्ठे दिलेले, दहा-दहाचे रबर लावून, चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या. "तीनातून सात जातील का?" सगळे ओरडले नाही. "मग कुणाकडे मागायचं?" एका मुलीनं उठून एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या सुट्ट्या केल्या, तेरा मोजल्या, सात बाजूला ठेवल्या. आमची लेक तेव्हा पहिलीतून बाहेर पडत होती, दोन अंकी वजाबाकी धडाधड करायची, पण हातचा का घ्यायचा असं विचारलं की "मिसने सांगितलं" एवढंच उत्तर. मी त्या बाकावर बसल्या बसल्या ठरवलं.

घरी ठरवणं सोपं, बाहेर सांगणं अवघड गेलं. मी सगळ्यांची बोलणी लक्षात ठेवली आहेत. "शिव्या शिकून येईल." "उवा होतील." "तिथलं क्राउड कसंय माहितीये ना." आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, तेही चांगल्या शिकल्यासवरलेल्या, माझ्यावर मनापासून माया करणाऱ्या बायकांकडून, "तिथे आपल्यातली मुलं कितीयेत गं?" आपल्यातली म्हणजे काय हे कुणी बोलून दाखवत नाही. पैशाचं म्हणताय असं वाटतं, पण मग त्याच बाई पुढे विचारतात वर्गातल्या मुलांची आडनावं काय आहेत. जात आहे ती. सरळ जात. पुण्यात आपण ती फी, क्राउड, कल्चर, वातावरण अशा शब्दांत गुंडाळून बोलतो आणि शाळा निवडताना तेच आपलं पहिलं मोजमाप असतं, शिकवणं दुसरं. एकीनंही मला विचारलं नाही की वजाबाकी कशी शिकवतात.

आता शाळेबद्दल. वर्गात 27 मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, आधीच्या शाळेत बेचाळीस होती. मराठी माध्यम, सेमी, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. वाचन एकदम मस्त झालंय, दुकानाच्या पाट्या, पेपर, आजोबांची औषधाची चिठ्ठी, दिसेल ते वाचत सुटते. परिपाठ रोज होतो आणि त्यात मुलं स्वतः उभं राहून बोलतात, पहिल्या वर्षी आमची नुसती थरथरायची, आता बातम्या सांगते. इंग्रजी बोलण्यात ती तिच्या जुन्या मैत्रिणींपेक्षा मागे आहे हे खरंय, त्यासाठी मी घरी रोज अर्धा तास देते आणि ज्यांना तो वेळ देणं शक्य नाही त्यांनी याचा विचार करावा.

वर्गात कोण आहे ते पण सांगते, कारण तोच तर प्रश्न असतो सगळ्यांचा. घरकाम करणाऱ्या मावशींची मुलं, रिक्षावाल्यांची, एका इस्त्रीवाल्याची मुलगी, बांधकामावर आलेल्या कर्नाटकातल्या कुटुंबांची, यादगीर गुलबर्गा तिकडची, जी आमच्याच सारख्या बिल्डिंगी बांधायला येतात, काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात आणि मुलाची शाळा मधेच सुटते. आणि एक नेपाळी मुलगा, त्याचे वडील शेजारच्या टॉवरला वॉचमन आहेत. हा मुलगा जन्मापासून कोथरूडला, मराठी आमच्या लेकीपेक्षा स्वच्छ बोलतो, तेरापर्यंतचे पाढे तोंडपाठ. पण खाली गार्डनमध्ये आला की आमच्या सोसायटीतली मुलं त्याला मोमो म्हणून हाक मारतात. आठ नऊ वर्षांची मुलं. कुठून शिकली? मी एका आईला म्हटलं तर "अगं लाडाने म्हणतात" म्हणाली. लेकीनं एकदा त्यालाच विचारलं तुला आवडतं का, तो म्हणाला माझं नाव आहे ना मला. त्यानंतर ती खेळायला गेली की सगळ्यांसमोर त्याला मुद्दाम नावानं हाक मारते, मोठ्यानं.

फेब्रुवारी 2025 मध्ये तिचा वाढदिवस होता. नव्या बिल्डिंगमध्ये क्लबहाउस आहे, म्हटलं वर्गातल्या सहा मैत्रिणींना बोलावू. पाच वाजता यायच्या होत्या. साडेपाच झाले तरी कुणी नाही, मोबाईलवर गेटचं नोटिफिकेशन पण नाही. खाली गेले तर सहाही जणी गेटबाहेर फुटपाथवर उभ्या, नटून थटून, एकीच्या हातात जिलेटिन पेपरात बांधलेला पेन सेट. गार्डनं त्यांना विचारलं होतं, "कुणाकडे कामाला आहे तुझी आई?" त्यांनी सांगितलं वाढदिवसाला आलोय, त्यानं विश्वास ठेवला नाही. त्या माणसाला मी काय बोलणार, तो आमच्याच लोकांनी दिलेल्या सूचना पाळत होता. पण त्या पोरी अर्धा तास तशाच उभ्या राहिल्या, परत गेल्या नाहीत. लेकीनं केक कापला पण त्या दिवशी ती फार बोलली नाही. नंतर कमिटीच्या मीटिंगला मी हा विषय काढला. दोघंजण नजर चुकवून बसले, एकांनी सिक्युरिटीचं कारण दिलं, आणि एक काका मात्र उठून म्हणाले चुकलंय आपलं. आता मुलांसाठी वेगळी नोंद करून आत सोडतात.

शाळेच्या तक्रारी. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती, एक मुलगी बाहेर दार धरून उभी राहायची. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलले. कायद्यानं या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, म्हणजे कागदावर ताकद आपलीच आहे. तर मी बोलले आणि आठवड्यात कडी बसली. मला जाम भारी वाटलं. मग शेजारी बसलेल्या एक ताई, घरकाम करतात, हळूच म्हणाल्या, "मी मागच्या जूनपासून सांगतेय ओ." तीच कडी, तेच दार, तेच वाक्य. त्यांनी सांगितलं तेव्हा ऐकलं गेलं नाही, मी सांगितलं तेव्हा ऐकलं गेलं. मी मुख्याध्यापिका बाईंना हे तसंच्या तसं सांगितलं, त्यांनी नाकारलं नाही, आणि आता बैठकीत कुणी काय मागितलं ते तारखेनिशी वहीत लिहितात. पण तेव्हापासून मला हेच वाटतं की आमच्यासारखी माणसं दुसरीकडे निघून जातात तेव्हा नुसती पटसंख्या कमी होत नाही, ज्यांच्या तक्रारीची लगेच दखल घेतली जाते तीच माणसं निघून जातात. आणि पट कमी झाला की शिक्षकांची पदं कमी होतात, दोन तुकड्यांची एक होते, मग लोक म्हणतात बघा शाळेत शिक्षकच नाहीत.

दुसरी तक्रार, नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या वेळी आमच्या बाई निवडणुकीच्या कामाला, तेव्हा बरेच दिवस दोन वर्ग एकत्र बसवले, अभ्यास मागे पडला. कायद्यातच शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामाला लावायची मुभा आहे, त्यामुळे यात शाळेचा दोष नाही, तरी नुकसान मुलांचंच. कॉम्प्युटर रूम आहे पण बहुतेक वेळा कुलूप असतं. खिचडी, याबद्दल सगळे विचारतात, ठीक असते, कधी पातळ, कधी छान. लेक आधी डबा न्यायची, दोन महिन्यांनी म्हणाली मला सगळ्यांबरोबर खिचडीच हवी, आता तिथेच जेवते.

3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला बालिका दिन असतो, यादगीरच्या एका मुलीनं नऊवारी नेसून, घरून आणलेली शाल खांद्यावर घेऊन भाषण केलं. कन्नड हेल होता बोलण्यात, मधे एकदा अडली, बाईंनी पुढचा शब्द न सांगता थांबू दिलं तिला, तिला आठवला. मी मागे बसून रडले. याच गावात, बुधवार पेठेत भिडे वाड्यात, 1848 ला फुल्यांनी मुलींची शाळा काढली, मग 1852 च्या सुमारास अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही काढली, आणि आपण आज कुठल्या वर्गात कुठली आडनावं आहेत ते विचारतोय.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिला हे सांगत होते तर म्हणाली अगं इथे घर बघतानाच जाहिरातीत शाळेचं रेटिंग दहापैकी किती ते लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडचे लोक पण "चांगलं डिस्ट्रिक्ट" म्हणतात तेव्हा खूपदा तिथे काळी मुलं कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. तिकडे 1954 साली सुप्रीम कोर्टानं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण शाळेचा बराच पैसा त्या त्या भागाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे घर कुठे परवडतं त्यावर मूल कुणाशेजारी बसणार ते ठरतं. ती स्वतः सातवाल्या शाळेऐवजी नऊवाल्या शाळेच्या भागात गेली आणि आता तिला त्याचं वाईट वाटतं असं म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, मी पण वीस वर्षं समोरून जात होतेच की.

आपल्याकडे खाजगी शाळेत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के आरटीईच्या जागा असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये हायकोर्टानं तो बदल रद्द केला. तेव्हा मला दोन चार जणींनी ऐकवलं, तूच म्हणतेस ना मनपाची शाळा चांगली, मग गरीबांनी तिथेच जावं की. नाही. मी असं म्हणत नाही. गरीबानं जवळच्या शाळेत जायचं आणि आपण तिच्यासमोरून एसी बसमधून लांब जायचं, याला शेजारशाळा म्हणत नाहीत. शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं 1966 मध्येच सांगून ठेवलंय, एका भागातली सगळी मुलं एकाच शाळेत, सगळी म्हणजे सगळी. त्या आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक होते, त्यांच्या नावाचा रस्ता आपल्या कोथरूडमध्येच आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो इंग्रजी आणि कुलूपबंद कॉम्प्युटरसाठी.

ज्यांना खरंच बघायचंय त्यांच्यासाठी. पहिलीला 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर प्रवेश मिळतो, मुलाची परीक्षा घेत नाहीत, डोनेशन नाही, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे. जुन्या शाळेनं दाखला अडवला तरी घाबरू नका, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आमचा अडवला होता, लेक तोवर वर्गात बसत होती. शनिवारी शाळा सकाळची असते. बघायला जाल तर मधल्या सुट्टीत नका जाऊ, गणिताच्या तासाला जा आणि मागच्या बाकावर बसा. समितीची बैठक महिन्याला असते, त्या दिवशी ज्या ताईंचा रोज बुडतो त्या सुद्धा येतात, तेव्हा आपण ऑफिसचं कारण सांगू नका. आता पुढच्या बैठकीत कॉम्प्युटर रूमच्या किल्लीचा विषय आहे, आणि तो त्या कडीवाल्या ताई मांडणार आहेत, मी नाही, आमचं तसं ठरलंय.